डर्मा रोलर विकू का? मायक्रोनिडलिंगचा कोर्स करू का? पैसे घालण्याआधी हे वाचा



मागच्या बॅचला इचलकरंजीहून एक मुलगी आली होती. घरातल्या पुढच्या खोलीत तिचं छोटं पार्लर आहे. थ्रेडिंग, वॅक्स, क्लीनअप, लग्नसराईत मेकअप. भिशीचे 48,000 रुपये हातात आलेत आणि ते कुठं घालायचे हा तिचा प्रश्न. तिनं कागदावर सगळं मांडून आणलं होतं: दोन दिवसांचा मायक्रोनिडलिंगचा कोर्स 25,000, डर्मापेन मशीन 15,000, खुर्ची आणि लाइट 8,000. शेवटी विचारलं, "मॅडम, घालू का?"

वर्गात मी तिला सरळ उत्तर दिलं नाही, कारण दहा मिनिटांत देण्यासारखं ते नव्हतं. व्हिडिओतही थोडक्यातच बोलले. इथं सविस्तर लिहिते. तुमचं पार्लर असो, कॉस्मेटिकचं दुकान असो किंवा घरून ऑनलाइन विक्री असो, हा माल आज ना उद्या तुमच्यासमोर येणारच आहे.

आधी माझी चूक सांगते.

दुकान सुरू करून तिसरं वर्ष होतं. होलसेलवाल्यानं डर्मा रोलर दाखवले. एक मिलिमीटर सुईचा रोलर मला 180 रुपयांना पडत होता आणि लोक 650 ला घेत होते. कॉस्मेटिकच्या दुकानात 15-20 टक्के मार्जिनवर दिवस काढणाऱ्या माणसाला असा आकडा दिसला की डोकं फिरतं. मी 24 घेतले. तेरा गेले सुद्धा.

त्यातला एक माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकानं नेला. गालावर पिंपल्सचे खड्डे होते आणि लग्न ठरत आलं होतं. तिनं रात्री रोलर फिरवला, वरून व्हिटॅमिन सी सीरम चोळलं आणि सकाळी मोपेडवरून नोकरीला गेली. पंधरा दिवसांनी तिची आई दुकानात आली. मुलगी बाहेर गाडीजवळच थांबली होती, तोंडाला स्टोल बांधून. आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही दिलंय म्हणून पोरीनं लावलं. आता बघायला येणाऱ्यांसमोर बसवू कशी?"

दोन्ही गाल काळवंडले होते. मी त्यांच्याबरोबर स्किनच्या डॉक्टरांकडे गेले आणि फी भरली. डाग फिके व्हायला पाच महिने गेले. होलसेलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, आम्ही फक्त माल देतो. बॉक्सवर इम्पोर्टरचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, बॅच नंबर नव्हता. विकताना मी ते बघितलंच नव्हतं. बीबीए करताना प्रॉडक्ट लायबिलिटीवर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे, तरी काउंटरवर उभं राहिल्यावर मला फक्त मार्जिन दिसलं. उरलेले अकरा रोलर मी मोडून टाकले.

सुई नेमकं करते काय

जे विकायचं किंवा जे विकायचं नाही असं ठरवायचं, ते आधी समजून घ्या. नाहीतर गिऱ्हाईक चार प्रश्न विचारतं आणि आपण "चांगलं असतंय हो" म्हणत बसतो.

आपल्या आजीच्या हातावर गोंदण असायचं. सुईनं टोचायचं आणि रंग आत सोडायचा. मायक्रोनिडलिंगची एक सुरुवात तिथूनच झाली म्हटलं तरी चालेल. 1997 मध्ये कामिरां आणि दुसे या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं की टॅटूचं मशीन शाई न भरता व्रणांवर फिरवलं तर व्रण सुधारतात. त्याआधी 1995 मध्ये ओरेनट्राइश नावाच्या डॉक्टर बाप-लेकांनी खड्ड्यांखाली सुई घालून आतले ताठ धागे सोडवण्याची पद्धत मांडली होती. पुढं दक्षिण आफ्रिकेचे प्लास्टिक सर्जन डेसमंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर आणला आणि आज जे रोलर दिसतात ते तिथून आले.

काम सोपं आहे. बारीक सुयांनी त्वचेला मुद्दाम शेकडो छोट्या जखमा करायच्या. शरीर त्या भरून काढायला लागतं आणि त्या नादात नवीन कोलॅजन तयार करतं. कोलॅजन म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारा दोरा समजा. तो विणायला वेळ लागतो. म्हणून आज टोचलं आणि उद्या चकाकलं असं होत नाही. दुसऱ्या दिवशी चेहरा तुकतुकीत दिसतो, पण ती बहुतेक सूज असते. खरा फरक तीन ते सहा महिन्यांत दिसतो, तोही साधारण महिन्याच्या अंतरानं तीन ते सहा सिटिंग केल्यावर.

आता मुद्द्याचं. चेहऱ्याच्या त्वचेचा वरचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच असतो. त्याखालच्या थरात रक्तवाहिन्या असतात आणि कोलॅजनही तिथंच तयार होतं. घरगुती म्हणून विकले जाणारे 0.2 किंवा 0.25 मिलिमीटरचे रोलर वरच्या थरालाच छिद्रं पाडतात. त्यानं क्रीम थोडं जास्त आत जातं, खड्डे भरत नाहीत. खड्ड्यांसाठी डॉक्टर दीड-दोन मिलिमीटरपर्यंत जातात आणि तिथं रक्ताचे ठिपके दिसतात. म्हणजे जो रोलर घरी वापरायला त्यातल्या त्यात बरा, तो गिऱ्हाइकाला हवा तो रिझल्ट देत नाही. आणि जो रिझल्ट देऊ शकतो तो घरी वापरायचा नाही. 650 रुपयांचा सगळा धंदा या दोन वाक्यांच्या फटीत चालतो.

रोलर आणि पेन यातही फरक आहे. रोलर फिरताना सुई तिरकी आत जाते आणि तिरकी बाहेर येते, म्हणून ओरखडा पडतो. पेनमधली सुई सरळ वर-खाली होते आणि खोली मशीनवर ठरवता येते. स्वस्त रोलरमध्ये तर बऱ्याचदा वेगवेगळ्या सुया नसतातच. पत्र्याच्या दातेरी चकत्या एकाशेजारी एक बसवलेल्या असतात. बॉक्सवर 540 सुया लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ती चेहऱ्यावर फिरवायची करवत असते.

आपल्या त्वचेचा प्रश्न वेगळा आहे

यूट्यूबवर परदेशी बाई रोलर फिरवते, तीन दिवस लाल होते आणि मग छान दिसते. आपल्याकडं लाल होण्यावर थांबत नाही. सावळ्या, गव्हाळ त्वचेला जखम झाली की तिथं रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि जागा काळी पडते. हे लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसतं. तोपर्यंत पार्लरवालीनं पैसे घेतलेले असतात आणि "माझ्याकडून गेली तेव्हा बरी होती की" असं ती म्हणत असते. अनुभवी डॉक्टरांच्या हाती मायक्रोनिडलिंग आपल्या त्वचेला चालतं, काही लेझरपेक्षा सुरक्षितही मानलं जातं. पण त्यात ते आधी काय बघतात ते ऐका: पिंपल्स चालू आहेत का, ओठाजवळ नागीण उठते का, कुठं जखम झाली की गाठीसारखा व्रण वाढतो का, चेहऱ्यावर चामखीळ किंवा कोड आहे का, साखर किती आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पिंपल्सची आयसोट्रेटिनॉइन गोळी घेतली का, गरोदर आहे का. चपट्या चामखिळीवरून रोलर फिरला तर ती रोलर जाईल तिथं पसरते. कोड असलेल्याला टोचलेल्या जागी नवीन कोड उठू शकतं.

आणि एक प्रश्न जो आपल्या भागात सगळ्यात आधी विचारायला पाहिजे: मेडिकलमधून आणलेली कुठली "गोरं करणारी" क्रीम वर्षानुवर्षं चालू आहे का? बऱ्याच वेळा ती स्टेरॉइडची असते. तिनं त्वचा पातळ झालेली असते. अशा चेहऱ्यावर सुई म्हणजे ओल्या कागदावर पेन.

घरी रोलर आणलेलाच असेल तर

मी विकत नाही, पण गिऱ्हाईक घेऊन येतं आणि विचारतं. तेव्हा मी एवढं सांगते. 0.25 च्या वरचा असेल तर वापरू नका. एक रोलर, एक माणूस. मायलेकींनी किंवा बहिणींनी वाटून घ्यायचा नाही, कारण कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही रक्तातून जातात आणि सुईवर राहिलेलं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. पिंपलवरून आणि डोळ्यांच्या पापणीवरून फिरवू नका. वापरल्यावर धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा, पण त्यानं जंतू कमी होतात, रोलर निर्जंतुक होत नाही. सुई बोथट झाली की ती टोचत नाही, फाडते. म्हणून दहा-बारा वेळा वापरला की टाकून द्या. आणि फिरवल्यावर लगेच वरून सीरम चोळू नका.

सीरमवर दोन मिनिटं जास्त थांबते, कारण दुकानदार म्हणून हे आपल्या हातात आहे. बाटलीवर "बाहेरून लावण्यासाठी" असं लिहिलेलं असतं तेव्हा कंपनीनं ते बंद त्वचेवर तपासलेलं असतं. छिद्रं पाडल्यावर तेच सीरम, त्यातला सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह थेट आत जातं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जामा डर्मटॉलॉजी या नियतकालिकात तीन स्त्रियांच्या केस छापल्या. मायक्रोनिडलिंगच्या वेळी चेहऱ्यावर सीरम लावलं गेलं आणि नंतर चेहऱ्यावर लाल, टणक गाठी उठल्या. आपल्याकडं तर बाटलीत काय आहे इथूनच सुरुवात आहे. 2023 मध्ये अकोल्याच्या एका घरातल्या तिघींच्या किडनीला इजा झाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तो गोरं होण्याच्या क्रीमपर्यंत आणि त्यातल्या पाऱ्यापर्यंत. नियमाप्रमाणे अशा क्रीममध्ये पारा दहा लाखांत एक भाग, तोही चुकून आलेला, एवढाच चालतो. ती क्रीम बंद त्वचेवर लावली होती. टोचलेल्या त्वचेवर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

सुईनंतरचे दिवस

डॉक्टरकडं काम तास-दीड तासाचं असतं. चेहरा धुणं, भूल देणारी क्रीम लावून थांबणं, जंतुनाशकानं पुसणं, पेन फिरवणं, सलाईनच्या गॉजनं रक्त टिपणं. टोचायला वीस मिनिटं. त्यानंतरचे सात दिवस मात्र गिऱ्हाईक घरी असतं, आणि चेहरा सुधारतो की बिघडतो हे बरंचसं तिथं ठरतं. गंमत म्हणजे या सात दिवसांकडं कुणी धंदा म्हणून बघतच नाही.

पहिल्या दिवशी चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल आणि गरम असतो. त्या दिवशी गार पाणी किंवा सलाईन आणि डॉक्टरांनी सांगितलेलं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, बस्स. मेकअप नाही, निदान 24 तास. हात सारखा लावायचा नाही. रात्री उशीचा अभ्रा धुतलेला. अभ्र्याचं हसू येतं लोकांना, पण आठवडाभराचं तेल आणि कोंडा बसलेल्या अभ्र्यावर शंभर छिद्रं पडलेला गाल ठेवून आठ तास झोपायचं, हे जरा डोळ्यांसमोर आणा.

दुसऱ्या दिवसापासून सनस्क्रीन. घरात असलं तरी, ढग असले तरी. आणि ऊन टाळायचंच, सनस्क्रीन लावलं म्हणून उन्हात उभं राहायचं नाही. दोन-तीन दिवस जिम, पोहणं, वाफ, गरम पाण्यानं तोंड धुणं बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारीक साल निघते, ती ओढायची नाही. आठवडाभर व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ग्लायकोलिक ॲसिड, स्क्रब, ब्लीच, चेहऱ्याचं वॅक्स, थ्रेडिंग काहीही नाही. हे शेवटचं पार्लरवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवा. कारण गिऱ्हाईक क्लिनिकमधून सांगून येत नाही. ती म्हणते, "जरा अपर लिप करा की." तुम्ही दोरा फिरवता आणि तिची साल निघून येते.

हे झालं सगळीकडचं. आता कोल्हापूरचं.

एक, स्टोल. आपल्याकडं दुचाकीवर बसलेली प्रत्येक मुलगी तोंडाला स्टोल बांधते. ऊन लागू नये म्हणून चांगलंच आहे, पण तो धुतला कधी होता? तोच घामाचा, धुळीचा, सिंथेटिक स्टोल लाल झालेल्या गालावर घट्ट आवळला की घासूनच जखम होते. सैल, सुती, रोज धुतलेला पाहिजे.

दोन, हळद. लग्नाच्या आठ दिवस आधी "ग्लो" पाहिजे म्हणून सिटिंग घेतात आणि मग हळदीला सगळ्या मामी-काकी मिळून ओली हळद चोळतात. टोचलेल्या त्वचेवर हळद, बेसन, लिंबू, अंगणातली कोरफड, यातलं काही चालत नाही. ते नैसर्गिक आहे हे खरं, पण निर्जंतुक नाही. नवरीची शेवटची सिटिंग लग्नाच्या किमान महिनाभर आधी झालेली असावी. तारीख विचारायची जबाबदारी आपली.

तीन, गुलाल. चैत्रात जोतिबाची यात्रा, भाद्रपदात गणपतीची मिरवणूक. त्या आठवड्यात सिटिंग घेऊच नये. जोतिबाला तर वर गुलाल आणि डोक्यावर चैत्राचं ऊन. माझ्या मते आपल्याकडं या कामाचा खरा सीझन दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर. मार्च-एप्रिलमध्ये ज्याला थांबता येतं त्यानं थांबावं.

आणि डॉक्टरकडं परत कधी पाठवायचं हे पाठच करा. तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, पू दिसतोय, पाण्याचे बारीक फोड आलेत, ताप आहे, गाठी लागतायत. यातलं एकही दिसलं तर कुठलंही क्रीम काढून द्यायचं नाही. त्याच दिवशी पाठवायचं. क्लिनिकचा खर्च झेपत नसेल त्यांना सीपीआरचा त्वचारोग विभाग आहे.

आता पैशाचं

त्या मुलीचा कागद परत काढू. एका सिटिंगचे 2,000 घ्यायचे. कार्ट्रिज 250, भुलीची क्रीम, गॉज, सलाईन मिळून 250. हातात 1,500. महिन्याला दहा सिटिंग धरल्या तर 15,000, म्हणजे सव्वातीन महिन्यांत 48,000 वसूल. कागदावर सुई जिंकते. मी तिला खोटं सांगणार नाही, तुम्हालाही नाही.

पण या कागदात काही ओळी नव्हत्या. सुईनं रक्त काढणं, भूल देणं, व्रणांवर उपचार करतो असं सांगणं हे वैद्यकीय काम आहे आणि नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायदा 1961 च्या कलम 33 खाली गुन्हा ठरतो. दोन दिवसांच्या कोर्सचं सोनेरी सर्टिफिकेट, मग त्यावर "इंटरनॅशनल" लिहिलेलं असलं तरी, ही नोंदणी नव्हे. जे काम करायचा तुम्हाला अधिकारच नाही, त्याच्या नुकसानीचा विमाही तुमच्या उपयोगाला येत नाही. भुलीची क्रीम हे औषध आहे, कॉस्मेटिक नाही. पूर्ण चेहऱ्यावर आणि मानेवर जाड थर देऊन वर प्लास्टिक गुंडाळलं तर ते रक्तात जाऊन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं. तुमच्या पुढच्या खोलीत तेव्हा काय सोय आहे?

वापरलेली कार्ट्रिज कुठं टाकणार हीसुद्धा त्या कागदावर नसलेली ओळ. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे दवाखान्यातली सुई न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते आणि ठरलेली गाडी ती नेते. पार्लरची सुई घंटागाडीत जाते आणि तिथल्या माणसाच्या बोटात घुसते.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर अमेरिकेतलं उदाहरण घ्या. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की शहरात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये रक्तातला प्लाझ्मा वापरून सुयांचं फेशियल करत होते. 2018 मध्ये तो बंद झाला. तपासात लेबल नसलेल्या रक्ताच्या नळ्या फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंबरोबर सापडल्या. तिथं गेलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचा अहवाल त्यांच्या सीडीसी या सरकारी संस्थेनं एप्रिल 2024 मध्ये छापला. त्या फक्त फेशियलला गेल्या होत्या.

मग दुसरा कागद. सुई डॉक्टरची, सात दिवस आपले. सनस्क्रीन 450, साधं मॉइश्चरायझर 350, सौम्य फेसवॉश 300, म्हणजे 1,100 एमआरपीचा एक किट. 20 टक्के मार्जिन धरलं तर आपल्याला 880 ला पडतो. बारा किट भरले तर गुंतवणूक 10,560. एक गिऱ्हाईक चार सिटिंग घेतं, म्हणजे चार-पाच महिने चालतं. सनस्क्रीन दोन बोटं भरून लावायचं असतं, दिवसातून दोनदा. 50 ग्रॅमची ट्यूब अशी लावली तर महिन्याभरात संपते. संपत नसेल तर गिऱ्हाईक कमी लावतंय आणि ते तुम्ही तिला सांगायला पाहिजे. पाच महिन्यांत पाच सनस्क्रीन, दोन मॉइश्चरायझर, दोन फेसवॉश, एमआरपी 3,550. आपले 710. दर महिन्याला आठ नवीन गिऱ्हाइकं येत राहिली तर गाडी रुळावर आल्यावर महिना साधारण 5,700 सुटतात.

15,000 पुढं 5,700. कमीच आहेत. पण यात पोलीस नाही, घंटागाडीवाल्याचं बोट नाही, आणि 37,000 रुपये अजून तुमच्या खात्यात आहेत. शिवाय सनस्क्रीनची सवय लागलेलं गिऱ्हाईक सिटिंग संपल्यावरही दर महिन्याला येतं आणि तिची जाऊही येते.

डॉक्टर आपल्याकडं गिऱ्हाईक का पाठवतील, हा तुमचा पुढचा प्रश्न. आधी तुम्ही पाठवा. पिंपल्सचे खड्डे दिसले की "हे माझ्या हातातलं काम नाही, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा" म्हणा. मात्र डॉक्टरकडं कमिशन मागू नका. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरला पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देता-घेता येत नाही आणि चांगला डॉक्टर या एका शब्दावर तुम्हाला दारातून परत पाठवेल. त्याऐवजी भेटायला जा आणि म्हणा, "तुमच्या सूचनांचं मराठीत कार्ड छापून देते, तुम्ही तपासून द्या. तुमच्या पेशंटला आठवडाभर आमच्याकडं थ्रेडिंग-ब्लीच होणार नाही, आणि काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी तुमच्याकडं पाठवू." मी असं दोन ठिकाणी केलं. एका ठिकाणी मला बाहेर बसवून ठेवलं, आत बोलावलंच नाही. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या कार्डातल्या दोन चुका काढल्या आणि मग तेच कार्ड स्वतःच्या रिसेप्शनवर ठेवलं.

किटमध्ये काय भरायचं हेही त्यांनाच विचारा. आणि माल घेताना पाकीट उलटं करून वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच, एक्सपायरी, एमआरपी. बाहेरच्या देशातलं असेल तर इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. हे नसेल तर कितीही मार्जिन असो, परत करा. बिलाशिवाय माल घेऊ नका, कारण उद्या कुणाची आई दुकानात आली तर तुमच्या हातात तो एकच कागद असतो. माझ्या हातात तोही नव्हता.

"आयुष्यभराचे डाग गायब" असलं काही स्टेटसला टाकू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये फसव्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि व्हॉट्सॲपवर टाकली म्हणून ती जाहिरात राहत नाही असं काही नाही. ज्यांना रोलर किंवा पेन विकायचंच आहे त्यांनी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात आधी लेखी विचारावं. मेडिकल डिव्हाइस विकायला, साठवायला आता वेगळी नोंदणी लागते.

त्या मुलीला मी हे दोन्ही कागद शेजारी शेजारी लिहून दिले. ती दोन दिवस बोलली नाही. मग फोन आला. कोर्सवाल्यांनी शनिवारपर्यंत पैसे भरले तर 5,000 कमी करतो म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं, "कोर्समध्ये कुणाचा चेहरा काळा पडला तर काय करायचं, ते शिकवणार आहेत का?" ती म्हणाली, विचारून सांगते. रात्री मेसेज आला: "मॅडम, ते म्हणाले असं होतच नाही." त्याखाली दुसरा मेसेज होता. बारा किटचं कोटेशन कुणाकडून घेऊ, असं तिनं विचारलं होतं.